गुन्हा घडला त्या घडीला माणूस भानावर होता का? हे ठरवतात कसं?

मोहल्ल्यात एखादी भयंकर घटना घडते. कुणी आपल्याच घरातल्या माणसाचा जीव घेतो आणि दुसऱ्या दिवशी कळतं की त्याचं 'दिमागी' औषध सुरू होतं. मग चहाच्या टपरीवर दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "पागल आहे, डॉक्टरचं सर्टिफिकेट दाखवून सुटेल." दुसरा म्हणतो, "सोंग करतोय, वकिलाने शिकवलंय." शाळेत पालकसभा संपल्यावरसुद्धा हाच विषय निघतो आणि "सर, कायदा काय म्हणतो?" असं आम्हाला विचारलं जातं. आम्ही वकील नाही, डॉक्टरही नाही. पण थोडं वाचलं, जाणकारांना विचारलं, तेव्हा दोन्ही मतं कच्ची आहेत हे लक्षात आलं.

आजारी असणं आणि गुन्ह्याला जबाबदार नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आकिल आणि बालिग' हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याची अक्कल शाबूत नाही त्याच्यावर शरीअतची जबाबदारी येत नाही, हे आपल्याला नवं नाही. देशाच्या कायद्यातही तत्त्व असंच आहे, मात्र त्याची चौकट फार अरुंद ठेवली आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ८४ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तेच कलम २२ म्हणून आलं. मनोविकल अवस्थेमुळे आपण काय करतोय हेच त्या क्षणी माणसाला कळत नव्हतं, किंवा ते चूक अथवा बेकायदेशीर आहे हे कळत नव्हतं, तर तो गुन्हा ठरत नाही. या कलमातला सगळा भार 'त्या क्षणी' या दोन शब्दांवर आहे. आदल्या महिन्यात तो कसा होता किंवा आज कोर्टात कसा दिसतो, याला महत्त्व आहे, पण त्या क्षणाबद्दल काही सांगत असेल तेवढंच.

याचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. जानेवारी १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने लंडनमध्ये एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव होते. सत्ताधारी पक्ष आपला छळ करतोय अशी मॅकनॉटनची पक्की समजूत झाली होती. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं आणि देशभर गदारोळ उठला. तेव्हा न्यायाधीशांना प्रश्न विचारून नियम ठरवून घेण्यात आले. १८६० च्या आपल्या दंड संहितेतलं कलम याच विचारातून आलेलं. आणि मॅकनॉटन 'सुटला' म्हणजे घरी गेला असं नाही. पुढची बावीस वर्षं, मरेपर्यंत, तो मनोरुग्णांच्या बंद संस्थांमध्येच होता.

आता आपल्याकडचे दोन खटले बघू. दोन्हींत नवऱ्याने बायकोचा खून केला, दोन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि निकाल उलट लागले.

पहिला गुजरातचा. घटना १९५९ ची, निकाल १९६४ चा. नवऱ्याने रात्री खोलीत बायकोवर चाकूने वार केले, अंगावर ४४ जखमा होत्या. 'वेडाच्या भरात घडलं' असा बचाव झाला. न्यायालयाने तो मानला नाही, कारण आधीच्या आजाराचा विश्वास ठेवण्याजोगा पुरावा दिसला नाही. जखमा किती आणि कृत्य किती क्रूर, यावरून वेड सिद्ध होत नाही. याच निकालात एक नियम स्पष्ट झाला तो आजही चालतो: माणूस शहाणा आहे असंच कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. मात्र सरकार पक्षाला गुन्हा जसा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो तसा आरोपीला आजार करावा लागत नाही. पारडं त्याच्या बाजूला झुकलं तरी पुरतं.

दुसरा खटला महाराष्ट्रातला, एका पोलीस शिपायाचा. एप्रिल १९९४ मध्ये सकाळच्या वेळी, पोलीस क्वार्टरमध्ये, त्याने बायकोच्या डोक्यात वाटण्याचा दगड घातला. खालच्या न्यायालयात आणि हायकोर्टात जन्मठेप झाली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम ८४ चा लाभ दिला. कशावरून? त्याच्या वडिलांना मानसिक आजार होता. त्याच्यावर १९९२ पासून उपचार चालू होते आणि निदान पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं होतं. घटनेनंतर जून ते डिसेंबर १९९४ या काळात त्याला २५ वेळा दवाखान्यात न्यावं लागलं. भांडणाचं कारण किरकोळ होतं: त्याला नोकरी सोडायची होती, बायकोचा विरोध होता. आणि दिवसाढवळ्या खून करून त्याने लपायचा किंवा पळायचा प्रयत्न केला नाही. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर काहीच सिद्ध होत नाही. आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं जोडल्यावर चित्र उभं राहिलं. जवळजवळ सगळं दवाखान्याच्या कागदांतून आलं, हे लक्षात ठेवा, कारण शेवटी आम्हाला त्याच मुद्द्यावर यायचं आहे.

आता न्यायवैद्यक मेंदू-मानसशास्त्र, म्हणजे फॉरेन्सिक न्यूरोसायकॉलॉजी. नाव मोठं आहे, काम समजायला सोपं आहे. मेंदूला मार लागला, गाठ झाली, फिट्स येतात, स्मृतिभ्रंश आहे किंवा जन्मतःच बुद्धी कमी आहे, तर माणसाचं लक्ष, स्मरण, भाषा, स्वतःला आवरण्याची ताकद यांत नेमकी कुठे आणि किती तूट आहे, हे मोजायचं. एमआरआय मेंदूचा फोटो दाखवतो. तो मेंदू रोजच्या कामात कसा चालतो हे फोटोत दिसत नाही, ते चाचण्यांतून बघतात. उदाहरणार्थ, 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. तोंडावर आलेला 'लाल' गिळून 'हिरवा' म्हणायला कपाळामागचा मेंदू लागतो. तो बिघडला की माणूस अडखळतो. दुसरीकडे कार्डं लावायला देतात आणि मध्येच न सांगता नियम बदलतात. काही जण जुन्याच नियमाला चिकटून बसतात, चुकतंय हे दिसत असूनही.

इथे शिक्षक म्हणून आमची एक तक्रार नोंदवतो. घरात दखनी बोलणारं, उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेलं पोर मराठीच्या किंवा इंग्रजीच्या पेपरात 'मंद' दिसतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. तोच धोका या चाचण्यांत असतो. न शिकलेल्या मजुराला परदेशी पट्टी लावली तर त्याचा मेंदू बिघडलेला दिसेल, खरं तर तो शाळेत गेला नाही एवढंच. म्हणून बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २००४ मध्ये भारतीय लोकांसाठी चाचण्यांचा संच प्रसिद्ध केला, त्यात वय, लिंग आणि शिक्षण बघून वेगळे निकष आहेत. चाचणी कोणत्या भाषेत झाली आणि कोणते निकष लावले, हे आपल्या वकिलाने विचारलंच पाहिजे.

आणि सोंगाचं काय? टपरीवरचा दुसरा गडी अगदीच चुकीचा नाही, सोंग करणारे असतात. ते पकडण्याची युक्ती कुठल्याही शिक्षकाला आवडेल अशी आहे. समजा आरोपी म्हणतो, 'मला काहीच आठवत नाही.' त्याला ५० चित्रं दाखवतात. मग दोन-दोन चित्रांच्या जोड्या समोर ठेवतात: यातलं मघाशी कोणतं पाहिलंस? दिसायला अवघड, पण मेंदूला बऱ्यापैकी इजा झालेले लोकही यात चांगले गुण घेतात. आता ज्याला खरंच काही आठवत नाही तो डोळे मिटून बोट ठेवेल, तरी निम्मी उत्तरं बरोबर येतील, ५० पैकी पंचविसाच्या आसपास. आमच्या वर्गात 'चूक की बरोबर' प्रश्नात न वाचताही निम्मे गुण मिळतात तसंच. पण एखाद्याला दहाच मिळाले तर? इतकं चुकायला बरोबर उत्तर माहीत असावं लागतं.

तरी एकाच चाचणीवर कुणाला लबाड ठरवत नाहीत. कोठडीत चार रात्री न झोपलेला, औषधं बंद झालेला किंवा खचून गेलेला माणूसही कमी गुण घेतो. शिवाय एकच माणूस खरा आजारी असू शकतो आणि भीतीपोटी आजार वाढवूनही सांगू शकतो. म्हणून तज्ज्ञ अनेक चाचण्या घेतात, तासन्‌तास बोलतात, पोलिसांचे कागद वाचतात, घरच्यांना भेटतात. शेवटचा निर्णय न्यायाधीशांचाच. तज्ज्ञाचा अहवाल हे एक मत असतं, फैसला नव्हे.

सर्वांत अवघड जागा वेगळीच आहे. अमेरिकेत व्हर्जिनियात चाळिशीच्या एका माणसाला अचानक लहान मुलांबद्दल विकृत ओढ सुरू झाली, त्याला शिक्षाही झाली. (तो शिक्षक होता, हे वाचताना आमचा हात थांबला.) नंतर त्याच्या कपाळामागच्या मेंदूत मोठी गाठ सापडली. ती काढल्यावर ओढ गेली, गाठ परत वाढली तशी ओढ परत आली. २००३ मध्ये डॉक्टरांनी ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. आपण करतोय ते चूक आहे हे त्याला कळत होतं, फक्त आवरता येत नव्हतं. आपलं कलम 'कळत होतं का' एवढंच विचारतं, 'आवरत होतं का' हे विचारत नाही. म्हणजे अशा माणसाला कलम २२ वाचवणार नाही. आम्हाला विचाराल तर मुलांच्या बाजूने बघता हे बरंच आहे, पण शिक्षा किती द्यावी हे ठरवताना ती गाठ दिसायला हवी. सर्वोच्च न्यायालय त्या दिशेने गेलंही आहे. एप्रिल २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, शिक्षेनंतरच्या गंभीर मानसिक आजाराकडे बघून फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली. आणि २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की फाशी द्यायची की नाही हे ठरवण्याआधी आरोपीचा मानसिक तपासणी अहवाल मागवला पाहिजे.

लोक या सगळ्याची नार्को आणि 'ब्रेन मॅपिंग'शी गल्लत करतात. तो वेगळा प्रकार, त्यात माणसाकडून माहिती काढायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं आहे की संमतीशिवाय ते करता येणार नाही.

आजाराच्या कारणाने निर्दोष ठरलेला माणूस संध्याकाळी घरी येतो असंही नाही. त्याला सुरक्षित ठिकाणी, बहुतेक वेळा मनोरुग्णालयात ठेवतात. तो कुणाला इजा करणार नाही अशी खात्री पटली आणि नातेवाईकांनी जामिनाची जबाबदारी घेतली, तरच सोडण्याचा विचार होतो. आपल्या राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. आणि खटला समजण्याइतकी मनःस्थिती आरोपीची आत्ता नसेल, तर तो प्रश्न निराळा. तेव्हा तपासणी करून खटला थांबवता येतो. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

आता कागदांकडे येतो. आपल्या घरांत मानसिक आजार लपवतात. बहिणीचं रिश्ता मोडेल, लोक काय म्हणतील. डॉक्टरकडे गेलेच तर खोट्या नावाने, चिठ्ठी वाटेतच फाडून टाकतात. बरेच जण आधी आमिलकडे जातात. दुआ जरूर करा, पण आमिल केस पेपर देत नाही. तारखेसह केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, ईईजी, डोक्याला मार लागला असेल तर त्या वेळचे रिपोर्ट, हे सगळं एका पिशवीत जपून ठेवा. हरवलं असेल तर दवाखान्याकडून मागा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपली कागदपत्रं बघण्याचा हक्क दिला आहे. आणि मुळात उपचार वेळेवर सुरू करा. टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक शांत मुलगा होता. मोटरसायकलवरून पडून डोक्याला लागलं, महिनाभर शाळेत आला नाही. आला तो बदलून आला. कारण नसताना अंगावर धावायचा, मग विसरून हसायचा. आम्ही प्रगतिपुस्तकाच्या वर्णनात्मक नोंदीत तसं लिहिलं. अब्बा शाळेत आले, हात जोडले: "सर, हे लिहू नका, पुढच्या शाळेत घेणार नाहीत." आम्ही नोंद बदलून 'खेळकर स्वभाव' लिहिलं. गेल्या वर्षी एक तरुण वकील आम्हाला शोधत आला. तो मुलगा मारहाणीच्या गंभीर खटल्यात आत आहे. अपघाताचे कागद घरात नाहीत. वकिलाने विचारलं, "सर, तुमच्याकडे त्या वर्षाचं काही लेखी आहे का?"