एकाच जमिनीच्या तीन फायली

वसईच्या जमिनीचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास वसईत बसून पुरा होत नाही. तो मंत्रालयातल्या नगरविकास आणि महसूल खात्यांत, विधिमंडळाच्या कामकाजात आणि दिल्लीतल्या संसदीय समित्यांच्या अहवालांत विखुरला आहे. शेतजमीन बिगरशेती करण्याचा विषय एका खात्याकडे, गरिबांच्या घरांचा दुसऱ्याकडे, बंदरांचा आणि जहाजांचा तिसऱ्याकडे. समित्या वेगळ्या, फायली वेगळ्या. वाडीवाला, नालासोपाऱ्याच्या चाळीतला भाडेकरू आणि पाचूबंदरचा कोळी मात्र एकाच तालुक्यात राहतात, एकाच रेल्वेमार्गावर लोकल पकडतात. या तिघांना एकत्र बसवून त्यांचे ऐकून घेतले गेले, असे मागे वळून पाहताना मला कुठेच दिसत नाही. वसईचे आज जे झाले आहे, त्याचे मूळ माझ्या मते तिथे आहे.

सुरुवात १९७३ पासून करावी लागते. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना त्या वर्षी मंजूर झाली आणि वसईचा मोठा भाग हरित पट्ट्यात राहिला. गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली, नंदाखाल, आगाशी ही पश्चिमेची गावे म्हणजे केळी, पानवेली, भाजी, मोगरा आणि सोनचाफा यांच्या वाड्या. मुंबईच्या बाजारात पहाटे पोचणारी भाजी आणि फुले इथून जात.

या वाड्यांचे पाणी समजल्याशिवाय पुढचा लढा समजत नाही. जमीन रेताड, समुद्र जवळ. पावसाचे पाणी बावखलात साठते. बावखल म्हणजे वाडीच्या कडेचा खोलगट तलाव, बापजाद्यांनी खणलेला, तळाला कसलाही गिलावा नसलेला. त्यातले पाणी मुरते आणि विहिरीला लागते. किनाऱ्याजवळच्या जमिनीत गोडे पाणी हलके म्हणून वर आणि खारे जड म्हणून खाली असते. उपसा बेताचा असेल तोवर हा तोल टिकतो. तो वाढला की खारे पाणी वर सरकू लागते. शेतकऱ्याला हे प्रयोगशाळेच्या आधी केळीवर दिसते: पानाची कड करपते, घड लहान पडतो. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे लागतील, हे कोणी सांगू शकत नाही.

१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतली कामगार कुटुंबे परवडेल अशा जागेच्या शोधात उत्तरेकडे सरकत होती. भाईंदरच्या खाडीपलीकडे घर स्वस्त होते आणि रेल्वेचा पास परवडत होता. १९८८ साली राज्य सरकारने वसईच्या हरित पट्ट्यातली हजारो एकर जमीन बांधकामाला खुली केली. इमारती उभ्या राहिल्या, नळ मात्र आले नाहीत. मग टँकर आले आणि त्यांचे पाइप वाड्यांतल्या विहिरींत उतरले.

त्यातून हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, मार्कुस डाबरे, मनवेल तुस्कानो ही नावे वसईत आजही आदराने घेतली जातात. दिब्रिटो तेव्हा ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादक होते. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये गेले. चर्चमधला धर्मगुरू, देवळातला पुजारी, वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी असे सगळे मोर्च्यात एकत्र चालले. त्या दिवसांत हे सोपे नव्हते. पाण्याचा मुद्दा त्यांनी अचूक ओळखला होता आणि पुढच्या प्रत्येक दशकाने त्यांना बरोबर ठरवले. १९९० मध्ये सरकारची नगरनियोजन संस्था सिडको इथे विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून आली. पश्चिमेच्या गावांत आज जी वाडी शिल्लक आहे, ती या चळवळीमुळे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हा निसटली. वाडी वाचवणारा आणि घर शोधणारा यांची गाठ पडली नाही. बांधकाम पश्चिमेला अडले ते रेल्वेच्या पूर्वेला सरकले. नालासोपारा, पेल्हार, धानिव, वालिव या पट्ट्यात शेतजमिनीवर, आदिवासींच्या जमिनीवर, वनजमिनीवर आणि आरक्षित भूखंडांवर चाळी उठल्या. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६ अ आहे, आणि हस्तांतरित जमिनी परत करण्याचा १९७४ चा स्वतंत्र कायदाही आहे. कागदावरचे संरक्षण एवढे भक्कम असतानाही व्यवहार स्टॅम्प पेपरवर होत राहिले.

पूर्वेकडच्या चाळीतली खोली कशी विकत घेतली जाते हे पाहण्यासारखे आहे. नोटरी केलेला करारनामा, त्यावर दोन साक्षीदार, आणि चावी. नोंदणी नाही, कारण नोंदणी करायला मूळ कागद लागतो. वर्षभरात विजेचे मीटर बसते, मग घरपट्टीची पावती येते. ती पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवली जाते, कारण घेणाऱ्याच्या मनात ती घर आपले असल्याचा पुरावा असते. अनधिकृत बांधकामाला कर लागला म्हणून ते अधिकृत होत नाही. त्यावर उलट शास्ती लागू शकते. हे त्याला कळते ते दारावर नोटीस चिकटते तेव्हा.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला. ग्रामपंचायत गेली की जमिनीवरचा आपला शब्द जाईल, ही भीती खरी होती. त्याच वर्षी विधानसभेला विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईतून निवडून आले. त्यांची श्रमजीवी संघटना १९८२ पासून उसगाव परिसरात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढत होती. गावकऱ्याचा आणि आदिवासीचा प्रश्न एकाच आमदाराकडे आला, असा हा वसईच्या इतिहासातला दुर्मीळ काळ. मोर्चे झाले, उपोषणे झाली, २०११ मध्ये २९ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली आणि प्रकरण उच्च न्यायालयात अडकले. २०२४ मध्ये सरकारने ती गावे महापालिकेतच ठेवण्याचे ठरवले. तेरा वर्षे ही गावे ना पुरती आत होती ना बाहेर. एवढ्या काळात मुलाचे शिक्षण पुरे होते.

दिल्लीत याच सुमारास भूसंपादन कायद्याचे विधेयक ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीपुढे होते. अध्यक्ष होत्या सुमित्रा महाजन, चिपळूणच्या माहेरवाशीण आणि इंदूरच्या खासदार. मे २०१२ मध्ये समितीने दिलेला अहवाल मला या विषयावरचा सर्वांत धीट दस्तऐवज वाटतो. खासगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन घेऊ नये, आणि संरक्षण फक्त बारमाही ओलिताच्या बहुपीक जमिनीपुरते न ठेवता लागवडीखालच्या सगळ्याच शेतजमिनीला द्यावे, असा तिचा आग्रह होता. सत्ताधारी आणि विरोधी दोन्ही बाजूंचे खासदार त्या समितीत होते. २०१३ च्या कायद्यात त्यातले थोडे उतरले, पुष्कळ गळाले.

तरीही तो अहवाल जसाच्या तसा कायदा झाला असता, तर वसईची वाडी वाचली असती का? फारशी नाही. बुलेट ट्रेन, मालवाहू रेल्वेमार्ग, महामार्ग यांनी पालघर जिल्ह्यात पुष्कळ जमीन घेतली, हे खरे. पण वसईतली शेतजमीन मुख्यतः सरकारने संपादन केली म्हणून गेली नाही. ती विकास करारनाम्यांनी आणि बिगरशेतीच्या आदेशांनी गेली. भूसंपादनाचा कायदा सरकारच्या हातापासून शेत वाचवतो, बाजाराच्या हातापासून नाही. बाजाराच्या दारावर पहारा होता तो जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ चा, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या बिगरशेती परवानगीचा. २०१४ मध्ये ४२ अ आणि २०१७ मध्ये ४२ ब ही कलमे आली आणि विकास आराखड्यात ज्या जमिनीचा वापर ठरला आहे, तिथे वेगळ्या परवानगीची गरज संपत गेली. हेलपाटे आणि चिरीमिरी कमी होणार म्हणून या सुधारणेचे स्वागत झाले, आणि तेही बरोबर होते. पण परिणाम असा की आराखड्यावरचा रंग हाच आता शेवटचा शब्द आहे. नकाशावर शेतीच्या हिरव्याचा वस्तीचा पिवळा होतो, त्या दिवशी वाडी गेलेली असते.

म्हणून २०१६ मध्ये प्रादेशिक योजनेचा नवा मसुदा आला तेव्हा वसईकर पुन्हा उठले. हजारो हरकती दाखल झाल्या. सामान्य माणूस सर्व्हे नंबर घेऊन नकाशासमोर उभा राहतो, बोट ठेवून ‘इथे आमची विहीर आहे’ असे सांगतो, याला मी लोकशाहीतले मोठे काम समजतो.

गरिबांच्या घरांच्या फायलीत कागद भरपूर आहेत. नोव्हेंबर २०१३ पासून दहा लाखांवरच्या शहरांत चार हजार चौरस मीटरहून मोठ्या प्रकल्पात २० टक्के घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायची आहेत. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार बारा लाखांवर असल्याने तिथेही हा नियम लागू. याच नियमाच्या अंमलबजावणीवरून मार्च २०२२ मध्ये विधान परिषदेत नाशिकचे प्रकरण इतके तापले की सभापतींनी चौकशीचे निर्देश दिले. वसईतल्या किती भूखंडांवर ही घरे यायला हवी होती आणि किती आली, एवढे जरी विधिमंडळाच्या एखाद्या समितीने मागवले तरी पुष्कळ उजेड पडेल. म्हाडाने विरार-बोळींजला मोठी वसाहत बांधली. तिथली हजारो घरे वर्षानुवर्षे विकली गेली नाहीत, आणि पुरेसे पाणी नसणे हे त्याचे एक मोठे कारण होते. १९८८ चा प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला, या वेळी सरकारी इमारतीच्या.

ग्राहकाच्या बाजूने झालेले सर्वांत चांगले समितीकाम म्हणजे रेरा या स्थावर संपदा नियमन कायद्याचे. राज्यसभेच्या प्रवर समितीने अनिल माधव दवे यांच्या अध्यक्षतेखाली २०१५ मध्ये विधेयक तपासले आणि नोंदणीची मर्यादा खाली आणून ५०० चौरस मीटर किंवा आठ सदनिकांपर्यंत नेली. छोट्या बिल्डरलाही कायद्यात आणणारी ही सूचना होती. पण नालासोपाऱ्याची इमारत कायद्याच्या बाहेरच जन्मते. २०२३ मध्ये विरारमध्ये बनावट शिक्के आणि परवानग्या वापरून उभ्या केलेल्या ५५ इमारतींचे प्रकरण पोलिसांनी उघड केले. घर घेणाऱ्याने कागद मागितला नव्हता असे नाही. त्याला कागद दाखवला गेला, आणि तो खोटा होता.

नालासोपारा पूर्वेला अगरवाल नगरीजवळ सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव जमिनीवर ४१ इमारती उभ्या होत्या. न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या पाडल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. न्यायालयाने कायदा पाळला, शहराला सांडपाण्याचे केंद्र हवेच आहे, आणि तरीही बँकेचा किंवा सावकाराचा हप्ता भरत राहिलेल्या त्यांतल्या एखाद्या बाईला कोणती समिती उत्तर देणार आहे? २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरारच्या विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. एका घरात वर्षाच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. १७ माणसे गेली. इमारत जेमतेम तेरा वर्षांची आणि अनधिकृत होती.

तिसरी फाइल समुद्राची. सोळाव्या शतकात आगाशी जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव इथे अजूनही बोटी दुरुस्त होतात, जाळी विणली जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने याच किनाऱ्यावर डहाणू तालुक्यातल्या वाढवणच्या बंदराला तत्त्वतः मान्यता दिली, जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. याच वाढवणचे बंदर १९९८ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारले होते. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये ना हरकत दिली. मोठ्या बंदरांचा नवा कायदा २०२१ चा. त्याचे पहिले विधेयक परिवहन विषयाच्या संसदीय समितीने तपासले. या कायद्याने बनणाऱ्या बंदर मंडळात राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण, सीमाशुल्क, कामगार यांना जागा आहे, पण मच्छीमारांसाठी वेगळी जागा नाही. ज्याचे पाणी, त्याची खुर्ची नाही. कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणीही तशीच जुनी. जाळी वाळत घालण्याची, मासळी सुकवण्याची, बोट ओढून ठेवण्याची जागा ही कोळ्यांची शेतजमीनच आहे, पण तिला सातबारा नाही आणि म्हणून तिच्या रूपांतराची परवानगीही कोणी मागत नाही.

समित्यांवर माझा विश्वास आहे. सभागृहातल्या गोंधळात जे जमत नाही ते समितीच्या बंद खोलीत जमते: पक्ष थोडा बाजूला राहतो, सचिवाला साक्षीला बसावे लागते, कागद मागवता येतो. विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे मंत्र्यांच्या शब्दांचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे. विनंती अर्ज समितीकडे साध्या नागरिकाचे गाऱ्हाणे आमदारामार्फत पोचू शकते. अनुसूचित जमाती कल्याण समिती जिल्ह्यांत जाऊन पाहणी करू शकते. ही हत्यारे वसईसाठी एकाच वेळी, एकाच नकाशावर वापरली जायला हवीत.

तशी वेळ जवळ आली आहे. वसई-विरारच्या आराखड्याची २०२१ पर्यंतची मुदत उलटून गेली असून पुढच्या वीस वर्षांचा आराखडा व्हायचा आहे. तो प्रसिद्ध झाला की कायद्याने नियोजन समितीपुढे हरकतींची सुनावणी होईल. त्या सुनावणीला बावखलांची गावनिहाय यादी जायला हवी. ४१ इमारतींतली कुटुंबे आज कुठे राहतात याची नोंद जायला हवी, आणि गरिबांच्या घरांसाठी राखलेल्या भूखंडांपर्यंत पाणी कधी पोचेल, याची लेखी तारीख महापालिकेकडून मागायला हवी. पाचूबंदर, अर्नाळा आणि नायगावच्या कोळ्यांनी आपली वाळवणीची जागा नकाशावर मोजून दाखवायला हवी. गावागावांतल्या तरुणांनी या याद्या आत्ताच करायला घ्याव्यात. नकाशा छापून आल्यावर हरकतीला मिळणारे दिवस मोजकेच असतात.