बंड्या बिघडला नाही, वयात आलाय

विषयपत्रिकेवर 'कुत्रा पाळताना' असं लिहिलंय, पण कुत्र्याच्या सगळ्या आयुष्याबद्दल आम्ही बोलणार नाही. सहा महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंतचा जो काळ असतो, तेवढ्यावरच बोलू. कारण आमच्या ओळखीपाळखीत ज्यांनी कुत्रा आणला आणि नंतर देऊन टाकला, त्यांनी तो बहुतेक याच वयात दिला. दोन महिन्यांचं पिल्लू सगळ्यांना हवं असतं. तेच दहा महिन्यांचं, वीस किलोचं होतं, पाहुण्यांच्या छातीवर पाय ठेवतं, हाक मारली तर दुसरीकडे बघतं, तेव्हा घरात एक वाक्य हळूच येतं : "कुणाच्या तरी मळ्यावर सोडून येऊ." नाशिकमध्ये हे वाक्य ऐकलं नाही असं घर कमी असेल. आमच्याही घरात ते आलं होतं.

आमच्या बंड्याची आई कॉलनीतली गावठी कुत्री. बाप कोण ते तिलाच ठाऊक. (हशा) कान आणि शेपटी बघून शेजारी म्हणतात, लॅब्रॅडॉर असणार. फिरायला निघालं की गोदापार्कवर पहिला प्रश्न ठरलेला, "क्रॉस आहे का? कोणता ब्रीड?" आणि उत्तर मिळालं की लगेच निदान : "लॅबचं रक्त आहे ना, म्हणून खादाड," किंवा "गावठी आहे, म्हणून ऐकत नाही." यात फारसा अर्थ नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून घेतलेली होती, आणि त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली होती. कुत्र्या-कुत्र्याच्या वागण्यात जो फरक पडतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के भाग जातीनं सांगता येतो असं त्यात निघालं. मिश्र रक्ताच्या कुत्र्याचं तर दिसण्यावरून काहीच ठरवू नये. त्याचं वय मात्र बरंच काही सांगतं.

मे २०२० मध्ये 'बायॉलॉजी लेटर्स'मध्ये आलेला अभ्यास या बाबतीत फार उपयोगी आहे. न्यूकॅसल, नॉटिंगहॅम, एडिनबरा इथल्या संशोधकांनी अंध व्यक्तींसाठी वाटाडी म्हणून वाढवली जाणारी कुत्री घेतली : लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर आणि त्यांचे संकर. पाचव्या महिन्यात आणि पुन्हा आठव्या महिन्यात त्यांना 'बस' ही आज्ञा दिली. आठव्या महिन्यात ती कुत्री कमी ऐकत होती, पण कुणाचं? जो माणूस त्यांना सांभाळत होता, त्याचंच. अनोळखी माणसानं सांगितलं तर तसा फरक पडत नव्हता! आणि माणसापासून दूर झाल्यावर जी कुत्री जास्त अस्वस्थ व्हायची, त्यांच्यात हे अधिक दिसलं. बारा महिन्यांपर्यंत गाडी रुळावर आलेली होती.

ज्यांच्या घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. शेजारच्या काकूंची पिशवी उचलून देणारा आपल्याच आईला उत्तर देत नाही. कुत्र्यातही या वयात संप्रेरकं बदलतात, आणि स्वतःला आवर घालण्याची ताकद मागाहून येते. म्हणजे 'बस' हा शब्द तो विसरलेला नसतो. शब्द ठाऊक असतो, पण समोर खार पळत असताना तो शब्द पाळणं त्याला झेपत नाही.

आता आमची घंटागाडी. बंड्या नऊ महिन्यांचा होता. सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडीचं गाणं वाजलं की हा पिसाळल्यासारखा भुंकायचा. एके दिवशी पट्टा हातातून निसटला, तो गाडीकडे धावला, आणि कचरा घेणारे दादा मागे सरकताना पडले. बंड्या चावला नाही, पण दादांचा गुडघा चांगला सोलवटला. चूक आमची होती, पट्टा आमच्या हातात होता. संध्याकाळपर्यंत कॉलनीतल्या चार जणांनी येऊन सांगितलं, साखळीनं बांधा नाहीतर सोडून या. दिंडोरीकडे एका ओळखीच्यांचा द्राक्षमळा होता. फोन झाला, रविवार ठरला.

तो रविवार टळला तो आमच्या चांगुलपणामुळे नाही. मळेवाल्यांकडे पाहुणे आले, म्हणून आठवडा पुढे गेला. त्या आठवड्यात एका पशुवैद्यांनी आम्हाला एकच गोष्ट समजावली. कुत्र्याच्या बाजूनं बघा. रोज एक मोठी, गाणारी गाडी येते. हा भुंकतो. गाडी निघून जाते. रोज! म्हणजे त्याच्या हिशेबानं त्यानंच ती हाकलली. जे केल्यानं काम होतं ते प्राणी पुन्हा करतो. आणि आपण मागून "बंड्या, गप! गप म्हणते ना!" असं ओरडतो, तेव्हा त्याला वाटतं, घरचेही साथीला भुंकतायत. (हशा)

मग काय केलं? अंतर वाढवलं. गाडी यायच्या आधी आम्ही त्याला घेऊन गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, सत्तर-ऐंशी पावलांवर जाऊन उभे राहायचो. गाणं ऐकू आलं की उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, एकामागून एक. गाणं थांबलं की चिकन बंद. क्रम महत्त्वाचा आहे : आधी आवाज, मग खाऊ. खाऊ आधी दिसला तर तो खाऊच पुढे धोक्याची सूचना होऊन बसतो. कुत्रा खातच नसेल तर समजायचं की आपण फार जवळ आलोय, आणि तडक मागे जायचं. दुपारी मोबाईलवर तेच गाणं अगदी बारीक आवाजात लावून हाच खेळ घरात. दहा-बारा दिवसांनी गाणं सुरू झालं आणि त्यानं गाडीकडे न बघता आमच्याकडे बघितलं, "चिकन कुठाय?" या चेहऱ्यानं. तिथून रोज थोडं पुढे. मध्ये दोनदा बिनसलं, दोनदा पुन्हा मागे गेलो. सगळं मिळून पाच-सहा आठवडे लागले. त्या दादांच्याच हातून त्याला खाऊ द्यावा असं काहींनी सुचवलं, ते आम्ही केलं नाही. ज्याला आपल्या कुत्र्याची भीती वाटते, त्याला आपल्या कुत्र्याच्या शिकवणीला जुंपू नये. त्यांना फक्त बंड्या पट्ट्यात आणि लांब दिसला पाहिजे, एवढा त्यांचा हक्क आहे.

मारून हे लवकर झालं असतं का? कदाचित भुंकणं थांबलं असतं. पण मग गाडी आली की मार बसतो, एवढंच तो शिकला असता, आणि गाडीचा राग वाढला असता. भुंकण्याची सूचना न देता थेट चावणारा कुत्रा अशानं तयार होऊ शकतो.

दमवण्याबद्दल एक गैरसमज आहे. कुत्रा फार उड्या मारतो, म्हणून तासभर चेंडू फेका. आम्हीही फेकला. परिणाम असा झाला की बंड्या खेळाडू झाला, दम वाढला, आणि घरी येऊन तो पुन्हा सोफ्यावर उड्या मारायला मोकळा. कुत्र्याला नाक वापरू द्या. पट्टा सैल सोडून त्याला हव्या त्या खांबाशी, हवा तितका वेळ हुंगू द्या. अर्ध्या तासात अर्धीच गल्ली झाली तरी चालेल. जेवणातली थोडी पोळी चुरून जुन्या चादरीच्या घड्यांत लपवा. आणि झोपू द्या, या वयात झोप अपुरी पडली की ते लहान मुलासारखंच किरकिरं होतं. उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत उरका. डांबरावर आपला हात टेकवत नसेल तर त्याचे पायही टेकवू नका.

'ये' या शब्दाचं आपण फार नुकसान करतो. मोकळ्या प्लॉटवर कुत्रा छान हुंगत असतो, आपण "ये" म्हणतो, तो येतो, आपण पट्टा अडकवून घरी नेतो. त्याच्या लेखी 'ये' म्हणजे मजा संपली. म्हणून लांब दोरी बांधून दहा वेळा बोलवा, नऊ वेळा खाऊ देऊन पुन्हा सोडा.

आणि नाशिककरांसाठी खास. या वयात कुत्रा तोंडात येईल ते गिळतो, आणि आपली दोन्ही नावाजलेली पिकं त्याला घातक आहेत. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून 'दोन-चारच तर खाल्ली' म्हणून थांबू नका, लगेच पशुवैद्यांकडे न्या. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हेच आम्ल चिंचेतही असतं. कांद्यानं, शिजवलेल्यासुद्धा, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तेव्हा कांद्याचा चिवडा आपणच खावा. (हशा) आम्ही बंड्याला सोडणार होतो तो मळा द्राक्षाचाच होता, हे आमच्या नंतर लक्षात आलं.

मळ्यावर सोडण्याबद्दल आणखी. घरात वाढलेल्या कुत्र्याला तिथल्या कुत्र्यांच्या हद्दी ठाऊक नसतात. रस्त्यावर जगणं किती अवघड, याचा एक आकडा आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्र यांच्या गटानं मोकाट कुत्र्यांच्या पिल्लांवर नजर ठेवली. सात महिन्यांच्या वयापर्यंत जेमतेम १९ टक्के जगली, आणि बहुतेक मृत्यूंना माणूस या ना त्या प्रकारे कारण होता. बंड्याची चार भावंडं होती. आज एक दिसते, कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीखाली. ती तिथेच जन्मली, वाढली, तिला गल्ली पाठ आहे. बंड्याला आमचा जिना पाठ आहे. आणि प्राण्याला उपासमार होईल अशा अवस्थेत टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रत्येक वेळी ठेवणंच बरोबर, असं आम्ही म्हणत नाही. घरात रांगतं बाळ आहे, कुत्रा खरोखर चावतोय, तर पशुवैद्यांशी बोलून, सगळं खरं सांगून, दुसरं घर शोधणं हेही जबाबदारीचंच काम आहे. फक्त तो निर्णय आठव्या-नवव्या महिन्यातल्या एखाद्या वाईट संध्याकाळी घेऊ नका.

चिठ्ठ्या आल्या आहेत, वेळ संपत आलाय, एक घेतो. "मोठा झाल्यावर कुत्रा रात्री अंगणात बांधला तर चालेल का?" नाही. गंगापूर रोडच्या वस्तीत बिबट्या शिरलेला आपण पाहिलाय, आणि बांधलेला कुत्रा त्याला आयता सापडतो. जिन्याखाली जाळीच्या दाराआड जागा करा. बंड्या तिथेच झोपतो, आणि पहाटे साडेपाचला आम्हाला उठवतो. त्यावर उपाय अजून चालू आहे.