उभयचर व सरीसृप जीवाश्म आणि पुरापर्यावरण
उभयचर (बेडूक, सॅलॅमँडर इ.) व सरीसृप (कासव, मगर, साप, सरडे, डायनोसॉर इ.) या वर्गांतील प्राण्यांच्या जीवाश्मांवरून (शिळारूप झालेल्या अवशेषांवरून) त्या त्या काळातील हवामान, जलाशय, वनस्पती व भूरचना यांविषयी अनुमाने करता येतात. बहुसंख्य सरीसृप व सर्व विद्यमान उभयचर अनियततापी (ज्यांच्या शरीराचे तापमान परिसराप्रमाणे बदलते असे) असल्याने त्यांचा प्रसार तापमान व ओलावा यांनी मर्यादित होतो. त्यामुळे हे प्राणी पुरापर्यावरणाचे (भूतकालीन परिस्थितीचे) उपयुक्त दर्शक ठरतात.

उभयचरांची त्वचा पातळ व पार्य (जिच्यातून पाणी आरपार जाऊ शकते अशी) असून त्यांच्या अंड्यांना कवच नसते. खाऱ्या पाण्यात ती बहुधा तग धरीत नाहीत. म्हणून ज्या थरात बेडकांचे पुष्कळ सांगाडे आढळतात, तो सामान्यतः गोड्या पाण्यात साचलेला असतो. या नियमाला अपवाद आहेत. ट्रायासिक कल्पातील काही उभयचर सागरी गाळातही सापडतात. मगरींना सौम्य हिवाळा लागतो. कॅनडातील एल्झमीअर बेटावर इओसीन काळातील (सु. ५ कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकांत मगरवर्गीय प्राणी व कासवे आढळली आहेत. आज हिमाच्छादित असलेला तो प्रदेश तेव्हा उबदार होता, असे त्यावरून दिसते.

महाराष्ट्राचा बराचसा भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. जालना जिल्ह्यातील परतूर व दुधना नदीचे खोरे याच प्रदेशात मोडतात. तप्त लाव्हारसात सांगाडे टिकून राहत नसल्याने येथील काळ्या मातीखालच्या बेसाल्टात असे जीवाश्म मिळण्याची अपेक्षा नसते. तथापि लाव्ह्याच्या दोन उद्गिरणांमधील विरामकाळात तळी व दलदली निर्माण होऊन त्यांत गाळ साचे. या अंतरा-ट्रॅपी थरांत, तसेच लाव्ह्याखाली दडलेल्या जुन्या थरांत जीवाश्म मिळतात. परतूरसारख्या ठिकाणच्या पठारापूर्वीची व पठार घडतानाची परिस्थिती जाणण्यासाठी त्याच्या पूर्व व पश्चिम कडांकडे पाहावे लागते.

पूर्वेकडील सर्वांत जुना पुरावा वर्धा खोऱ्यातील, नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या मांगली येथील आहे. तेथील ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स  या रुंद, चपट्या कवटीच्या उभयचराचे वर्णन रिचर्ड ओएन यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच थरांत इस्थेरिया  या शिंपल्यासारखे कवच असलेल्या लहान कवचधारी प्राण्याचे अवशेष मिळतात. त्याचे आजचे सजातीय प्रामुख्याने उथळ व तात्पुरत्या डबक्यांत राहतात. या दोहोंवरून ट्रायासिक कल्पाच्या आरंभी तेथे गोड्या पाण्याचे उथळ जलाशय होते, असे अनुमान निघते.

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोडा तालुक्यातील पिसदुरा येथे ट्रॅपखालील लॅमेटा थरांत डायनोसॉरांची हाडे, कासवे आणि विपुल विष्ठाश्म (शिळारूप विष्ठा) आढळतात. विष्ठाश्मांचे वर्णन सी. ए. मॅटली यांनी १९३९ मध्ये केले. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, अशोक सहानी इत्यादींनी त्यांत गवताच्या पेशींतील सिलिकेचे सूक्ष्मकण असल्याचे दाखविले. गवते नंतरच्या काळातच विविध झाली, हा समज त्यामुळे बदलावा लागला. हाडांवरून प्राणी कळतो, तर विष्ठेवरून त्याचा आहार व परिसरातील वनस्पती कळतात. म्हणून अशा साध्या अवशेषांचे महत्त्व मोठे आहे.

पश्चिमेस मुंबईतील वरळी टेकडीतील अंतरा-ट्रॅपी थरांत लहान बेडकांचे सांगाडे विपुल मिळाले. ओएन यांनी १८४७ मध्ये त्यांना राना पुसिला  असे नाव दिले. १९३० मध्ये जी. के. नोबल यांनी त्यांच्यासाठी इंडोबॅट्रॅकस  ही प्रजाती स्थापिली. आज समुद्राला लागून असलेल्या या जागी तेव्हा गोड्या पाण्याचे उथळ तळे वा दलदल होती, हे या बेडकांवरून व सोबतच्या कासवांवरून कळते. हे थर पॅलिओसीन काळाच्या प्रारंभीचे, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचे मानले जातात. पिसदुरा व वरळी यांच्या तुलनेतून ज्वालामुखी उद्गिरणांच्या काळात कोणते प्राणी टिकले याचा मागोवा घेता येतो.

अनुमान काढताना सावधगिरी लागते. हाडे प्रवाहाने वाहत येऊन अन्यत्र साचतात. झिजलेली, विखुरलेली हाडे असे वहन दर्शवितात, तर जुळलेले अखंड सांगाडे शांत पाणी व त्वरित गाडले जाणे सुचवितात. विद्यमान प्राण्यांच्या गरजा पूर्वजांना जशाच्या तशा लावणेही धोक्याचे असते. कोलंबियातील टायटॅनोबोआ  या सु. १३ मी. लांब सापाच्या आकारमानावरून २००९ मध्ये वार्षिक सरासरी तापमान ३०° ते ३४° से. असल्याचा अंदाज करण्यात आला. या पद्धतीवर आक्षेप घेण्यात आले आहेत. म्हणून प्राण्यांचा पुरावा गाळाचे स्वरूप, परागकण व समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे भिन्न वस्तुमानाचे अणू) यांच्या पुराव्याशी ताडून पाहतात.

अंतरा-ट्रॅपी थर पातळ व तुटक असतात. खाणकाम व बांधकाम यांमुळे असा थर एकदा नष्ट झाला की, त्यातील नोंद पुन्हा मिळत नाही. जीवाश्म उचलताना त्याचा थर, खोली व सोबतचे अवशेष यांची नोंद न केल्यास पुरापर्यावरणाच्या दृष्टीने त्याचे बरेचसे मूल्य नाहीसे होते.