उत्तरपत्रिकेतील पोलाद

बारावीच्या अर्थशास्त्रात दीर्घोत्तरी प्रश्न आला, की अनेक विद्यार्थी आठवेल ते सारे लिहून काढतात. पाने भरतात, परंतु विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांत हरवून जाते.

भिलाईतील आपल्या खातेदारांच्या मुलांना उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. ‘दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९५६-६१) अवजड उद्योगांना दिलेला अग्रक्रम योग्य होता काय?’ हा प्रश्न घेऊ. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेला करार, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झालेली पहिली झोतभट्टी, दल्ली-राजहराचे लोहखनिज, ही झाली केवळ माहिती. पोलाद देशातच तयार झाल्यास रूळ आणि यंत्रे यांवर परकीय चलन कमी खर्चावे लागते, हा कार्यकारणभाव जोडला, म्हणजे तिचा युक्तिवाद होतो.

यानंतर विरुद्ध बाजू मांडावी. अन्नधान्य, कापड अशा श्रमिकांच्या गरजेच्या वस्तूंना अग्रक्रम द्यावा, असे मुंबई विद्यापीठातील सी. एन. वकील व पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्येच प्रतिपादन केले होते. त्या आक्षेपाचे वजन तोलून शेवटी स्वतःचा निष्कर्ष स्पष्ट शब्दांत द्यावा. प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा असावा.

ज्या घराची चूल या कारखान्यावर पेटते, तेथील मुलाला त्याच्या विरोधातील मुद्दा लिहिणे सोपे नसते. तरीही तो प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यास गुण तर लाभतातच. शिवाय आपल्या माणसांविषयीही तारतम्याने विचार करण्याची सवय जडते. ती परीक्षेनंतरही उपयोगी पडते.