दंतरोपण : दीर्घकालीन यश, उपद्रव आणि आपले कर्तव्य

पडलेल्या दाताच्या जागी काढता-घालता येणारी कवळी बसविणे किंवा शेजारचे दात कोरून त्यांवर ब्रिज चढविणे, असे दोनच मार्ग काही वर्षांपूर्वीपर्यंत सामान्य रुग्णापुढे होते. आता अमरावती व अकोला या दोन्ही शहरांत दंतरोपण, म्हणजेच रुग्णांच्या बोलीतील ‘इम्प्लांट’, परिचयाचे झाले आहे. कित्येक ज्येष्ठ मंडळी पुण्या-नागपूरकडे मुलांकडे मुक्कामास असताना इम्प्लांट बसवून घेतात आणि दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूरला परततात. पुढे चार-सहा वर्षांनी ब्रश करताना रक्त दिसू लागले किंवा तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, की ते बहुधा दंतवैद्याकडे जात नाहीत. ते जवळच्या वैद्याकडे येतात, अथवा औषधी दुकानात एखादे दंतमंजन मागतात. त्या क्षणी दिलेला सल्ला इम्प्लांटचे आणि जबड्याच्या अस्थीचे भवितव्य ठरवू शकतो. म्हणून दंतरोपण हे आपले कर्म नसले, तरी त्याचे ज्ञान आपणांस आवश्यक आहे.

शरीराने स्वीकारलेले शल्य

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात प्रनष्टशल्याचा विचार करताना शरीरात राहिलेल्या शल्याचे पुढे काय होते, हेही सांगितले आहे. काही धातू पित्ताच्या उष्णतेने कालांतराने विलीन होतात. दात, अस्थी, काष्ठ, पाषाण इत्यादी मात्र विलीन होत नाहीत. शल्य म्हटले की पाक, पूय आणि निर्हरण हा क्रम आपल्या मनात येतो. टायटॅनियम हा धातू या अपेक्षेला अपवाद ठरला.

स्वीडनमधील संशोधक पर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या अस्थीत बसविलेले टायटॅनियमचे उपकरण अस्थीशी इतके एकजीव झालेले आढळले, की ते काढता येईना. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात अशी मुळे बसविली. २००६ मध्ये लार्सन यांचे निधन झाले, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ती कार्यक्षम होती. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा सूक्ष्म थर तयार होतो आणि त्याला लागून नवी अस्थी वाढते. या संधानास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात.

टिकणे आणि यशस्वी होणे

इम्प्लांट तोंडात आहे एवढ्यावरून ते यशस्वी म्हणता येत नाही. १९८६ मध्ये अल्ब्रेक्टसन व सहकाऱ्यांनी मांडलेल्या निकषांनुसार इम्प्लांट अचल असावे, वेदना व संसर्ग नसावा आणि पहिल्या वर्षानंतर सभोवतीच्या अस्थीचा क्षय वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असावा.

दहा वर्षांनंतर सुमारे ९५ टक्के इम्प्लांट तोंडात टिकून असतात, असे विविध अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. वीस वर्षांचा विचार करताना मात्र एक बाब ध्यानी घ्यावी लागते. अनेक रुग्ण मधेच तपासणीला येणे थांबवितात. त्यांचाही हिशेब धरला, तर पाचांपैकी सुमारे चार इम्प्लांट टिकतात, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मांडला गेला. जो रुग्ण तपासणीस येत नाही, त्याचे यश कोणीच मोजत नाही. आणि आपल्या भागात नेमका तोच रुग्ण आपल्यासमोर बसलेला असतो.

उपद्रव

आरंभीचे उपद्रव शस्त्रकर्माशी निगडित असतात. खालच्या जबड्यातील नाडीतंतूस इजा झाल्यास ओठ व हनुवटी बधिर होते. वरच्या जबड्यात नासाकोटरास छिद्र पडू शकते. कधी अस्थिसंधानच होत नाही व इम्प्लांट हलू लागते. पुढील काळात स्क्रू सैल होणे, वरच्या दाताचा सिरॅमिकचा तुकडा उडणे असे यांत्रिक दोष दिसतात. रात्री दात खाणाऱ्यांत ते अधिक आढळतात. यांपैकी बहुतेक यांत्रिक दोष दुरुस्त करता येतात.

खरी चिंता इम्प्लांटभोवतीच्या शोथाची आहे. प्रथम केवळ हिरडी लाल होते, सुजते व तिच्यातून रक्त येते. या अवस्थेत व्यवस्थित स्वच्छतेने ती पूर्ववत होऊ शकते. शोथ खोल गेला की अस्थी झिजू लागते. या अवस्थेस पेरिइम्प्लांटायटिस म्हणतात. २०१५ च्या एका आढाव्यात पहिली अवस्था सरासरी ४३ टक्के, तर दुसरी सुमारे २२ टक्के रुग्णांत आढळली.

नैसर्गिक दात आणि अस्थी यांच्यामध्ये बंधनतंतूंचा थर असतो. इम्प्लांटला तो नसतो. त्यामुळे हिरडीचा जंतुरोधक बंध दुबळा असतो आणि धोक्याची सूचना देणारी संवेदनाही मंद असते. अस्थी निम्मी झिजली तरी इम्प्लांट हलत नाही व फारसे दुखत नाही. ते हलू लागते तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

सुश्रुताने पंधरा दंतमूलगत रोगांत पाच दंतनाडी सांगितल्या आहेत. दंतनाडीची उपेक्षा झाल्यास तिची गती हन्वस्थीचा भेद करते, असा इशारा चिकित्सास्थानात दिलेला आहे. इम्प्लांटभोवतीच्या पूयगतीस तो तंतोतंत लागू पडतो.

वऱ्हाडातील हेतू

पूर्वी हिरड्यांच्या रोगाने दात गमावलेले असणे, अस्वच्छता, तंबाखू आणि अनियंत्रित मधुमेह हे प्रमुख हेतू होत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू सेवन करीत असल्याचे दिसले. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली. पण आपल्याकडील पानठेल्यावरचा खर्रा आणि घरातील मिश्री यांची सवय सहजी सुटत नाही. खर्ऱ्यातील सुपारीने तोंड उघडणेच आखडले, तर इम्प्लांटची सफाई करणेही अशक्य होते.

अस्थिसौषिर्य किंवा कर्करोग यांसाठी झोलेड्रोनिक आम्लासारखी औषधे घेणाऱ्यांत, तसेच जबड्यावर किरणोपचार झालेल्यांत, हन्वस्थीचा कोथ होण्याचा धोका असतो. अशा रुग्णाचा पूर्ण इतिहास दंतवैद्यास कळविणे अगत्याचे आहे.

वैद्य व औषधविक्रेता यांनी करावयाचे कार्य

१. मुखरोगाच्या प्रत्येक रुग्णास ‘स्क्रूचा दात बसविला आहे काय?’ हा प्रश्न विचारावा.

२. इम्प्लांटभोवती रक्त, पूय, सूज किंवा हिरडी खाली सरकलेली दिसल्यास त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे पाठवावे. तेथे क्ष-किरण तपासणी व इम्प्लांटच्या पृष्ठभागाची सफाई व्हावयास हवी. अमरावतीस विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

३. त्रिफळा क्वाथाचा कवल किंवा इरिमेदादि तैलाचा गंडूष पूरक म्हणून अवश्य द्यावा. परंतु धातूच्या आट्यांत घट्ट बसलेला मलसंचय त्याने निघत नाही. गंडूषाने दुर्गंधी कमी होते आणि रुग्ण निश्चिंत होतो. आत अस्थिक्षय चालूच राहतो. म्हणून केवळ गंडूषावर महिनोन्‌महिने ठेवू नये.

४. गेरूयुक्त किंवा भरड दंतमंजन अशा रुग्णास विकू नये. घासून खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर मलसंचय लवकर होतो. मऊ ब्रश आणि दातांच्या फटींत घालावयाचा बारीक ब्रश सुचवावा.

५. शस्त्रकर्मापूर्वी रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची, आपल्या कल्पांचीही, यादी लिहून द्यावी.

६. इम्प्लांटची कंपनी, माप व दिनांक नोंदविलेले कार्ड रुग्णाने जपून ठेवावे, असे सांगावे. कंपनीनुसार स्क्रूची अवजारे बदलतात. कार्ड नसेल तर परगावचा दंतवैद्य साधा सैल स्क्रूही कसू शकत नाही.

नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणात हलणारा दात काढणे व किडलेल्या दाताची मूळनलिका-चिकित्सा यांचा समावेश केला. दंतरोपण त्या सूचीत नाही. आपला अधिकार निदानाचा, हेतुपरिवर्जनाचा आणि वेळेवर पाठविण्याचा आहे, आणि तो लहान नाही. दंतवैद्य इम्प्लांट बसवून काही महिन्यांत मोकळा होतो. रुग्ण मात्र पुढची वीस वर्षे मधुमेहाच्या औषधासाठी, पोटाच्या तक्रारीसाठी आपल्याच दारी येत राहतो. त्या प्रत्येक भेटीत त्याला एकदा आ करावयास सांगून हिरडी पाहिली, तर हजारो रुपये खर्चून मिळविलेला दात आणि त्याखालची अस्थी, दोन्ही वाचू शकतील.