दसऱ्याचा झेंडू उकिरड्यावर टाकू नका

दसरा सरला की दारची तोरणे उकिरड्यावर जातात. घरी मेंढरे असतील तर ती फुले सावलीत वाळवून ठेवा. पांढऱ्या लोकरीला त्यांचा सुरेख पिवळा रंग चढतो.

प्रथम १०० ग्रॅमचीच लड घ्या. लड स्वच्छ धुऊन १२ ग्रॅम तुरटीच्या पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवा. तुरटीवाचून रंग धरत नाही. १०० ग्रॅम वाळक्या पाकळ्या वेगळ्या उकळून पाणी गाळा. ते निवल्यावर लड सोडून तासभर हळूहळू तापवा, उकळी नको. पहिल्या खेपेस मी घाई केली आणि लोकर आटून तिचा गोळा झाला! लड पाण्यातच निवू द्या, सावलीत वाळवा.

लोखंडी भांड्यात रंग काळवंडतो. रंगाचे भांडे स्वयंपाकाला मात्र पुन्हा घेऊ नका. एक लड साधली, की मगच बाकीच्या लोकरीला हात घाला.