समीकरण सोपे, कुलूप अवघड : वस्तुमान, ऊर्जा आणि म्हैसूरजवळचे युरेनियम

दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरचा राजवाडा सुमारे एक लाख दिव्यांनी उजळून निघतो. प्रत्येक दिवा १० वॉटचा धरला, तर ही रोषणाई तासाला एक हजार युनिट वीज घेते. दिव्यांतून प्रकाश आणि उष्णतेच्या रूपाने बाहेर पडणाऱ्या या ऊर्जेला वस्तुमान असते काय? आल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी दिले. त्यांच्या सूत्रानुसार तासाभराच्या या रोषणाईचे वस्तुमान ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एखाद्या बारीक कणाएवढे भरते.

हे सूत्र म्हणजे ‘ई बरोबर एम सी वर्ग’. यात ‘ई’ ही ऊर्जा, ‘एम’ हे वस्तुमान आणि ‘सी’ हा प्रकाशाचा निर्वातातील वेग होय. हा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर इतका आहे. त्याचा वर्ग केला की नवावर सोळा शून्ये इतकी प्रचंड संख्या येते. येथे कोणतीही वस्तू प्रकाशाच्या वेगाने धावत असते असे नव्हे. रुपयाचे पैसे करताना शंभराने गुणावे, तसे वस्तुमानाचे ऊर्जेत मोजमाप करताना या संख्येने गुणावे लागते, इतकाच त्याचा अर्थ.

वस्तुमानाची ऊर्जा केवळ अणुभट्टीतच होते, हा समज बरोबर नाही. कोळसा जळतो तेव्हाही निर्माण झालेला वायू थंड झाल्यावर मूळ कोळसा व प्राणवायू यांच्यापेक्षा किंचित हलका असतो. मात्र ही घट एक हजार कोटी भागांत सुमारे एक भाग इतकीच असल्याने तराजूला ती कळत नाही. युरेनियमच्या अणुकेंद्राचे विखंडन होते तेव्हा ही घट हजारात सुमारे एक भाग, म्हणजे जवळजवळ एक कोटी पट अधिक असते. त्यामुळेच एक किलो युरेनियम-२३५ चे पूर्ण विखंडन झाल्यास उत्तम प्रतीच्या सुमारे तीन हजार टन कोळशाइतकी उष्णता मिळते.

तथापि, हे सूत्र ऊर्जा किती आहे एवढेच सांगते. ती कशी मिळवावी हे सांगत नाही. एक ग्रॅम म्हैसूरपाकातही अडीच कोटी युनिट ऊर्जा सामावलेली आहे. तेवढ्यावर राजवाड्याची रोषणाई अखंडपणे २५ हजार तास, म्हणजे पावणेतीन वर्षांहून अधिक काळ चालेल. परंतु ते कुलूप उघडण्याचा मार्ग मानवाजवळ नाही. युरेनियमचीही तीच गत आहे. नैसर्गिक युरेनियमचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग युरेनियम-२३८ चा असतो. मंदगती न्यूट्रॉनच्या आघाताने सहज दुभंगणारे युरेनियम-२३५ त्यात जेमतेम ०.७ टक्के असते.

ही किल्ली वेगळी काढण्याचे काम म्हैसूरजवळ रत्नहळ्ळी येथे चालते. भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘रेअर मटेरियल्स प्लांट’ तेथे आहे. दोन्ही प्रकारच्या युरेनियमचे रासायनिक गुणधर्म जवळजवळ सारखेच असल्याने भेद करायचा तो केवळ वस्तुमानाच्या आधारे. त्यासाठी युरेनियमचे हेक्झाफ्लोराइड या वायूत रूपांतर करून तो अतिवेगाने फिरणाऱ्या अपकेंद्री यंत्रांत सोडतात. वायूच्या दोन प्रकारच्या रेणूंचे भार ३४९ आणि ३५२, म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी. जड रेणू कडेकडे, हलके मध्याकडे सरकतात. एका यंत्रात साधणारा भेद अत्यल्प असल्याने यंत्रांच्या लांब साखळ्या उभाराव्या लागतात.

या खटाटोपाचे मोल तारापूरच्या अनुभवावरून कळते. ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) १९६९ मध्ये सुरू झालेल्या तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून होणारा हा पुरवठा पुढे थांबला आणि फ्रान्स, चीन, रशिया अशा देशांकडे वळावे लागले. कैगा येथील, तसेच तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियम व जड पाण्यावर चालतात, त्यामुळे त्यांना ही अडचण नाही. पाणबुडीत मात्र आटोपशीर अणुभट्टीच हवी, आणि तिला समृद्ध इंधनाविना गत्यंतर नाही. २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणम येथे जलावतरण झालेल्या ‘अरिहंत’ पाणबुडीच्या अणुभट्टीसाठी समृद्ध युरेनियम रत्नहळ्ळीतून आले.

हीच किल्ली विनाशाचे दारही उघडते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा बेचिराख झाले, तेव्हा ऊर्जारूपाने बाहेर पडलेले वस्तुमान एक ग्रॅमही नव्हते. समृद्धीकरणाच्या प्रत्येक प्रकल्पाकडे जगाचे लक्ष असते ते यामुळेच. समीकरण शाळकरी मुलालाही पाठ असते. त्याचे कुलूप कोण, कशासाठी उघडतो, हा प्रश्न मात्र भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सुटणारा नाही.